बिनआवाजाची मोटर

काकांना पोहता येत नाही. तरी घरामागच्या तलावाची दुरुस्ती कुठून सुरू करायची, हे त्यांनीच ठरवलं. कडेला खुर्ची टाकून बसणाऱ्याला सगळ्यात जास्त कळतं, असा आमच्या घरातला प्रघात आहे.

तलाव खरं तर मावशीचा. ती शाळेत पोहणं शिकवायची आणि हे घर तिने तलाव बघूनच घ्यायला लावलं. काका ग्रंथपाल. सगळी नोकरी 'शांतता राखा' या पाटीखाली गेली. घरात चमचा पडला तरी यांच्या कपाळाला आठी. दोघांचा संसार कसा टिकला, हे मला न सुटलेलं कोडं आहे. बहुधा एक जण सतत पाण्यात असायचं म्हणून.

म्हातारपणी मावशीची नजर गेली. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. रस्त्यावर एकटीने जाणं सुटलं, वाचन सुटलं. पोहणं तेवढं राहिलं. रोज सकाळी ती शिडीने उतरायची, खोल बाजूला जाऊन परत यायची, कुणाचाही हात न धरता. "हे सुटलं की मी संपले," असं ती सरळ सांगायची.

तलावही थकला होता. फरशा उचकटल्या होत्या, शिडी गंजली होती, पाणी फिरवणारी मोटर घरघरत होती. मिस्त्री म्हणाले, "सगळं एकदम काढलं तर तलाव बरेच महिने बंद राहील. या खेपेला दोनच कामं करू. बोला, कुठली?"

"फरशा आणि मोटर," काका म्हणाले.

"मोटर चालेल की अजून. नुसता आवाज करते."

"तेच तर दुखणं आहे!"

मावशीला विचारावं असं काकांच्या मनातही आलं नाही. जिला दिसत नाही ती काय ठरवणार, असा त्यांचा साधा हिशेब.

नवी मोटर बसली. एकदम चिडीचूप. काका तिच्याकडे गुणी विद्यार्थ्याकडे बघावं तसे कौतुकाने बघत बसले. मावशी पाण्यात उतरली, खोल बाजूपर्यंत गेली, वळली आणि मधेच थांबली. मान इकडून तिकडे फिरवली. मग निघाली ती पुन्हा खोल पाण्याकडेच.

"अहो, मोटर बंद आहे का?"

"चालू आहे!" काका अभिमानाने म्हणाले.

"मग मी परत कशी येऊ?"

मोटर उथळ बाजूला होती. तिची घरघर ऐकत मावशी रोज परतायची. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं म्हणतात. इथे तर म्हैस धडधाकट होती.

काका ताडकन उठले. "इकडे! अगं, इकडे ये!" असे काही ओरडले की शेजारी गच्चीवर आले. मावशी आवाजाच्या रोखाने आली. शिडी हाताला लागल्यावर ती तिला दोन्ही हातांनी धरून राहिली. ती घाबरली होती. मी तिला घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"अगं, मला सांगायचं नाहीस?"

"तुम्हाला काय वाटलं, मला दिसतं म्हणून मी पोहते?"

दुसऱ्या दिवसापासून काका उथळ बाजूला उभे राहून मोठमोठ्याने बोलू लागले. बातम्या, हवापाणी, शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या. "एवढं तर लग्नानंतरही बोलले नव्हते," मावशी म्हणाली. ती खूश होती. आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला.

मग काकांनी मिस्त्रींना पुन्हा बोलावलं. "तलावात पाणी सोडणारा पाइप उथळ बाजूला वर घ्या. पाणी उंचावरून पडू दे. चांगलं धो धो."

"अहो, पाणी उडून कडेच्या फरशांवर शेवाळ धरेल. आवाज नको म्हणून तर नवी मोटर घेतलीत! आणि तुम्ही आहात की रोज हाका मारायला."

काकांनी घराकडे वळून पाहिलं. मावशी आत होती.

"मी तिच्याहून बराच मोठा आहे, मिस्त्री," ते हळूच म्हणाले.

मिस्त्रींनी खिशातून टेप काढला आणि उंची मोजायला घेतली.