मामांचे दोन रूळ

देवावर इतका जीव लावणारा आणि देवाला इतक्या ठिकाणांहून अदबीने बाहेर काढणारा दुसरा माणूस मी उभ्या सोलापुरात पाहिला नाही. आणि अशा माणसाचे भर सभेत हसे करणारा जो माणूस, तो मीच. हे आधीच सांगून टाकतो. मामांच्या तऱ्हा सांगताना मला हसू येईल, वाचणाऱ्यालाही येईल, आणि त्या हसण्याखाली माझी चूक झाकून जाईल अशी मला धास्ती वाटते. तशी ती एकदा गेलीही होती.

मामा म्हणजे माझ्या पत्नीचे मामा. करकंबच्या शेतकरी घरात जन्मले, चुलत्याच्या हट्टामुळे शिकले, रेल्वेत चिकटले आणि नोकरीची बहुतेक वर्षे होटगी जंक्शनवर काढून असिस्टंट स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले. मग साखर पेठेत त्यांनी घर घेतले. ते का घेतले, तर त्याला दोन दारे होती म्हणून. पुढचे दार रस्त्यावर, मागचे बोळात. पुढच्या दाराने टपाल, वर्तमानपत्र आणि मते मागणारे लोक यायचे. मागच्या दाराने फुलवाली, जंगम, वासुदेव आणि मामींच्या एकादशीच्या बायका. मधल्या भिंतीला एक ठेंगणे दार होते आणि त्याच्या उंबऱ्यावर मामांची चौकी होती. वर्तमानपत्र देवघरात जायचे नाही, पंचांग बैठकीत यायचे नाही. बैठकीत रेल्वेच्या वेळेला लावलेले घड्याळ टकटकत असे. देवघरात घड्याळच नव्हते, धाब्याच्या झरोक्यातून ऊन समईपर्यंत आले की पूजा. एकदा गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत म्युनिसिपालटीचे एक उमेदवार सिद्धेश्वराचा अंगारा घेऊन पुढच्या दाराने आले. मामांनी अंगारा कपाळाला लावला, मनोभावे हात जोडले आणि म्हणाले, “ह्ये मागल्या दाराचं काम झालं. आता मताचं बोलायचं आसंल तर बाहेर जावा आन् परत या.” उमेदवार खरोखरच बाहेर जाऊन परत आले. मत त्यांना मिळाले की नाही, ते मामांनी कुणालाच सांगितले नाही.

शिरगणतीला मी शिकवीत असे त्याच शाळेतले एक मास्तर त्यांच्याकडे गेले होते. नाव, वय, धंदा इथपर्यंत मामांनी खणखणीत उत्तरे दिली. धर्म विचारताच ते थांबले. “ते घरातलं हाय. सरकारला त्याचं काय करायचंय?” मास्तर घामाघूम. शेवटी आतून मामींचा आवाज आला, “हिंदू लिवा मास्तर, आन् च्या घिऊन जावा. न्हाईतर सांजंपत्तूर हितंच बसशीला.” पुढे एका अपघाताच्या चौकशीत साक्षीला उभे केले तेव्हाही मामा देवाची शपथ घेईनात. देवाला या भानगडीत कशाला ओढता, मी खरेच बोलणार आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. साहेबाला वाटले, म्हातारा नास्तिक असावा. त्या साहेबाला सांगायला कुणी नव्हते की हा मनुष्य रोज पूजेला बसण्यापूर्वी अंगातला कोट काढतो, कारण त्या कोटाला अजून रेल्वेची पितळी बटणे आहेत आणि नोकरीची बटणे लावून देवापुढे जाणे त्याला बरे वाटत नाही.

हे सारे खूळ कुठून आले, असे मी त्यांना एकदा विचारले. मला खरेच कुतूहल होते. मामांनी उत्तर म्हणून मला होटगीला नेले. तिथे मुंबईहून मद्रासकडे जाणारी मोठी लाईन आणि विजापूर-गदगकडची छोटी लाईन एकमेकींच्या शेजारी येतात. एकीचे रूळ रुंद, दुसरीचे अरुंद. हमाल एका गाडीतली पोती उतरवून दुसरीत भरत होते. “बगा,” मामा म्हणाले, “शेजारी शेजारी हुब्या ऱ्हातात. उतारू हिच्यातनं उतरतो, तिच्यात बसतो. भांडान न्हाई, तंटा न्हाई. पर हिचा डबा तिच्या रुळावर चढवा म्हनलं तर? दोन्ही गाड्या मातीत. देव आन् सरकार हे आसंच हाय.” मी वहीत हे लिहून घेतले नाही, घ्यायला हवे होते, कारण पुढे कितीतरी जाड इंग्रजी पुस्तके वाचूनही मला ते याहून सोप्या रीतीने समजले नाही.

आता सभेकडे येतो. आमच्या पेठेतल्या वाचनालयाचा मी चिटणीस होतो. सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष उलटले होते, विलायतेत गोलमेज परिषदा भरत होत्या आणि ‘घटना’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी नवा नवा रुळत होता. ज्याला त्याला घटना लिहायची हौस. स्वराज्याची घटना काही आमच्या हातात नव्हती, तेव्हा आम्ही वाचनालयाची लिहायला घेतली. अध्यक्ष होते एक नामांकित वकीलसाहेब. मसुद्यात मी एक कलम घातले: संस्थेच्या दिवाणखान्यात देवाची तसबीर असावी आणि कामकाज ईश्वरस्तवनाने सुरू व्हावे. कलम वकीलसाहेबांच्या मनातले होते, अक्षर माझे होते. विरोधाला उठले एकटे मामा. त्यांचेही एकच कलम होते: ‘या संस्थेला स्वतःचा धर्म नाही; सभासदांना आहे.’

वाचनालयाची सभा दर गुरुवारी भरे; त्या दिवशी तिथे बसायला जागा नव्हती. वाद वाचनालयावरून निघाला आणि पाहता पाहता देशावर गेला. वकीलसाहेब म्हणाले, राजाने धर्म पाळावा आणि धर्माने राजाला आवरावे, हीच आपली परंपरा. धर्म काढलात तर राज्याला पाया कशाचा उरणार? मामांनी ज्ञानकोशातून आणि वर्तमानपत्रांतून जमवलेले सगळे बाहेर काढले. अमेरिकेच्या घटनेला पहिली दुरुस्ती झाली तीच मुळी अशी की सरकारने कोणताही धर्म स्थापायचा नाही; म्हणून तिथे देव मेला नाही, उलट गल्लोगल्ली देवळे झाली. कराचीला राष्ट्रीय सभेचा नुकताच ठराव झाला आहे की स्वराज्यात सरकार सर्व धर्मांच्या बाबतीत तटस्थ राहील. मग ते म्हणाले, “पाया तिकिटाचा. मी जल्मभर तिकीट बगितलं, कपाळ न्हाई बगितलं.” वकीलसाहेब मुरलेले होते. त्यांनी विचारले, तुमच्याच फलाटावर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशा दोन टाक्या होत्या ना, मास्तर? सभा हसली. मामाही हसले. “व्हत्या की. आन् दोन्ही एकाच हिरीवरनं, एकाच पंपानं मीच भरवायचो. पाटी तेवढी येगळी. म्हनून तर म्हंतो, पाटीच नको.”

टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरचे हकीमसाहेब तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. वकीलसाहेब अडखळले आणि मामा शेवटचे बोलले. त्यांच्या मनातले तेच होते, हे मला तेव्हाही कळत होते. “सरकारनं देव सांबाळला की देवाला सरकारचं ऐकाया लागतं. साहेब बदलला की देवाची बदली. मला माजा देव बदलीच्या नोकरीत घालायचा न्हाई.”

त्याच घटकेला हात वर करायची वेळ आली असती तर माझे कलम पडले असते. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत काही धमकी नव्हती. माझ्याकडून काही अपेक्षा आहे एवढेच तिच्यात होते, आणि मला तेवढे पुरले. मी उठलो.

मामांच्या देवघरात घरच्यांशिवाय कुणाला प्रवेश नसे. मला एकदा त्यांनी आपण होऊन आत बोलावले होते. पूजा आटोपल्यावर त्यांनी कोनाड्यातून रेल्वेचे हिरवे निशाण काढले, देवांसमोर उभे राहून ते संथपणे हलवले, आणि त्यांचे डोळे वाहू लागले. मग गुंडाळून ठेवताना त्यांनी मला त्याचे कारण सांगितले. होटगीला त्यांची लहानगी मुलगी रोज फलाटावर त्यांच्या बोटाला धरून उभी राही आणि गाडी सुटताना निशाण हलवू दिल्याशिवाय घरी जात नसे. मानमोडीच्या साथीत ती गेली. “तिची गाडी फुडल्या टेसनाला नीट पोचू दे, म्हनून,” मामा म्हणाले. हे इथे लिहू का, असे मी त्यांना अलीकडे विचारले. “लिवा. पर लायबरीच्या कागदावर नको. घरच्या कागदावर लिवा,” असे उत्तर आले. हा घरचा कागद आहे.

त्या दिवशी सभेत मी म्हणालो, “मामा इथं देवाला दाराबाहेर उभं करतात. आणि घरी? घरी हेच मामा रोज देवापुढं हिरवं निशाण हलवून रडतात. देवाची गाडी सोडतात.” मुलीचे मी काही बोललो नाही. निम्मेच सांगितले आणि तेच निम्मे पुरेसे होते. दिवाणखाना असा हसला की रस्त्यावरचे लोक दारात डोकावले.

मामांनी मनात आणले असते तर एका वाक्यात त्यांनी ते हसू थांबवले असते. मुलीचे नाव जरी घेतले असते तरी माझे तोंड काळे झाले असते. त्यांनी ते घेतले नाही. ते मागल्या दाराचे होते. त्यांनी टोपी घातली आणि ते म्हणाले, “ठराव मताला टाका, चिटणीस.” आमचे नाते जुळल्यापासून त्यांनी मला जावईबापू याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

माझे कलम मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्साहाच्या भरात भिंतीत एक चांगला जाड खिळा ठोकला गेला. मग प्रश्न निघाला, तसबीर कुणाची? वकीलसाहेबांना गणपती हवा होता. आडतीचे आप्पा म्हणाले, सोलापुरात सिद्धरामेश्वर सोडून दुसरा कोण? हातमागवाले शेटजी तेलुगूत आधी स्वतःशी आणि मग मराठीत सर्वांशी म्हणाले की मार्कंडेय नसेल तर आमच्या गल्लीची वर्गणी विसरा. हकीमसाहेब शांतपणे म्हणाले, “हमारा क्या है, हम खिल्ले की तरफ पीठ करको बैठेंगे.” दर बैठकीत विषय निघे आणि पुढच्या बैठकीवर जाई. खिळा तसाच राहिला. कधी कुणी त्याला छत्री अडकवी, उन्हाळ्यात आप्पा आपला रुमाल वाळत घालीत. आणि त्या रिकाम्या खिळ्याखाली आमचे सगळे कामकाज सुरळीत चालले, हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

मामा गुरुवारच्या सभेला पुन्हा आले नाहीत. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की वाचनालयात येत, वर्तमानपत्र वाचत, खिळ्याकडे एकदा बघत आणि जात. माझ्याशी ते कधी तुटकपणे वागले नाहीत. घरी गेलो की चहा मिळे, गोलमेज परिषदेच्या गप्पा होत. फक्त खुर्ची आता पुढच्या ओट्यावर टाकलेली असे. बायको-मुले आत जात, मी ओट्यावर. मी कितीदा तरी माफी मागायची ठरवून गेलो आणि साखरेचे भाव बोलून परत आलो. कित्येक रात्री झोपताना दिवाणखान्याचे ते हसू मला ऐकू येई आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा असे.

अशी वर्षे गेली. मामांना पंचाहत्तरी लागली तेव्हा कार्यकारी मंडळात आप्पांनी सुचवले की वाचनालयात रोज येणारा असा माणूस दुसरा नाही. त्यांचाच फोटो त्या खिळ्याला लावावा. वकीलसाहेबांनी लगेच मान हलवली. शेटजींनी चौकट देऊ केली. हकीमसाहेब म्हणाले, या फोटोकडे आम्ही तोंड करून बसू. त्या मंडळाचे एकमत झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. चौकट तयार होऊन आलीसुद्धा. आणि पुढच्या बैठकीत मी उठून विरोध केला.

वकीलसाहेब थक्क झाले. “अहो, तुम्ही त्यांचे जावई ना?”

म्हणून तर, असे मी म्हणालो. या खिळ्याला एक माणूस लावलात की उद्या कुणीतरी दुसऱ्याचा फोटो घेऊन येईल. तो रिकामा आहे म्हणून सगळ्यांचा आहे. मामांना मान द्यायचा असेल तर माझे जुने कलम काढा आणि त्यांचे कलम घटनेत घाला. मग म्हणालो, याच जागेवरून मी त्यांच्या घरातली एक गोष्ट सभेत आणली होती, तो माझा हक्क नव्हता. राहिलेली निम्मी गोष्ट सांगून मोकळे व्हावे, असे ओठावर आले होते. सांगितली असती तर सगळ्यांचे डोळे भरून आले असते. पण ती निम्मीदेखील माझी नव्हती. मी खाली बसलो. हकीमसाहेबांनी हात वर केला, त्यानंतर शेटजींनी. वकीलसाहेबांनी सर्वांत शेवटी केला, पण केला.

चौकट काखेत मारून मी साखर पेठेत गेलो. मामा ओट्यावर बसले होते. आता त्यांना नीट दिसत नसे. मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “फोटो कसा आलाय?”

“चांगला आलाय, मामा.”

“मिशा?”

“भरदार.”

“मंग मामीला द्या. सैपाकघरात लावंल.” दारातून मामी म्हणाल्या की जिवंत माणूस रोज समोर बसतोय तेवढा पुरे आहे, पण चौकट त्यांनी पदराने पुसून आत नेली.

मी घसा खाकरला. मामा, त्या सभेत मी, एवढेच म्हणालो असेन. मामांनी हात वर केला, होटगीला शंट करणारे इंजिन थांबवावे तसा.

“ह्ये हितं न्हाई, जावईबापू. तिकडच्या दारानं या.”

मी ओट्यावरून उतरलो, कोपऱ्यावरून वळलो आणि बोळातून मागच्या दाराशी गेलो. तोपर्यंत मामा भिंतीला धरत घरातून तिथे पोहोचले होते. कडी त्यांनीच काढली. कोटही काढून ठेवला होता. झरोक्यातले ऊन समईपाशी आले होते आणि कोनाड्यातल्या निशाणाचा हिरवा रंग उडून पार पिवळा झाला होता. मी चपला बाहेर काढल्या, वाकून आत गेलो आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवून म्हणालो, “मामा, मी सगळ्या सभेला तुमच्या लेकीवर हसवलं. मला माफ करा.”