उजूचे थांबे

आमची उज्ज्वला लहानपणी चालतं खेळणं मध्येच धरून ठेवायची. आत काय चाललंय ते बघायला. माझं सगळं लक्ष तिच्या बोटांकडे. पॉलिटेक्निक करून ती सातपूरच्या एका लहान कारखान्यात लागली, तर तिथे वाट्याला आलं तेही असंच काम. पत्रा कापणाऱ्या प्रेसला चालवणारा प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत बघायचं. ज्याने थांबवतात त्याला डीबगर म्हणतात, आणि तो डीबगरच उजू लिहीत होती.

थांबे दोन तऱ्हेचे, हे तिनेच मला पोळ्या लाटताना समजावलं होतं. एक थांबा डीबगर बाहेरून टाकतो. त्या जागची मूळ सूचना उचलून स्वतःजवळ ठेवतो आणि पुढे जाताना ती आधी पार पाडतो. दुसरा थांबा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आतच लिहून ठेवलेला. त्याच्याखाली काही नसतं. या दुसऱ्यावर उजूचा डीबगर अडून बसायचा. ‘पुढे चल’ म्हटलं तरी पुन्हा तिथेच.

२००२ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी ती हसतच घरात आली आणि तशीच ताटावर बसली.

“आई, सुटलं! थांबलास की एक पाऊल पुढे सरक, एवढंच सांगितलं त्याला. उद्या पहिल्या पाळीला केरूकाका खऱ्या प्रेसवर लावून बघणार.”

“आणि तो बाहेरून टाकलेला थांबा असला तर?”

“झालं सुरू! कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी बाई तू...”

बोलता बोलता तिने हातातला घास परत ताटात ठेवला.

“तो मी तपासलाच नाही गं. आता त्याच्याखालची सूचना राहूनच जाईल.”

“कुठली सूचना?”

“कुठलीही. ‘प्रेस थांबव’ हीसुद्धा.”

प्रेसखाली पत्रा सरकवायला केरूकाकांचे हात असतात, हे मला ठाऊक होतं. कारखान्यात फोन कुणी उचलेना. साहेबांच्या घरीही नुसती घंटा वाजत राहिली.

सकाळी पहिल्या बसने ती गेली. मी फोनपाशी बसले. दूध उतू गेलं तेही वासाने कळलं. पाळी सुरू झाली असेल, बस वाटेत बंद पडली असेल, असंच मनात येत राहिलं.

फोन वाजला. आवाज पुरुषाचा.

“ताई, केरू बोलतोय.”

“उजू कुठेय? काय झालं?”

“हाय ना! प्रेसचा मेन स्विच पाडून त्याच्याम्होरं उभी हाय, कुनाला हात लावू देत नाय. आदी थांबा कुनाचा ते बघायचं, मगच म्होरं सरकायचं, असं लिहून झाल्याबिगर प्रेस चालू नाय म्हन्ती. साहेब लय तापलेत.”

“आणि तुम्ही?”

“मी? दहाच्या दहा हायेत, ताई. त्यातल्याच एका बोटानं तुमचा नंबर लावला. पोरीनंच सांगितलं, आई फोनपाशी बसली आसंल.”



“तिला सांगा,” मी म्हटलं, “डबा घरीच राहिलाय.”