चित्रात न आलेला टेम्पो

आठवडी बाजाराचा तो दिवस अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बिलोलीच्या पुढे एका बाजारगावच्या ठाण्यात मी प्रभारी अधिकारी होतो. भरदुपारी चौकात एका वाहनाने म्हातारीला उडवले आणि दवाखान्यात तिचा मृत्यू झाला. जमावाने दवाखान्याच्या दारातच एका जीपचालकाला धरले, मारहाण केली आणि ठाण्यात आणले.

"साहेब, म्या धडक दिली न्हाई. बाई रस्त्यात पडली होती, म्हणून उचलून नेलं," तो एवढेच सांगत होता. त्याच्या शर्टावर रक्त होते. जीपची पुढची बाजू मात्र साफ होती, तेवढेच मला खटकले.

चौकातल्या खांबावर दोन लेन्सचा कॅमेरा होता. एक लेन्स चौकाकडे, दुसरी रस्त्याकडे. ठाण्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये म्हातारी रस्ता ओलांडताना दिसली. मग चित्राने उडी मारली. पुढे एकदम ती पडलेली, आणि समोर जीप उभी. बाहेर लोक म्हणत होते, आणखी काय पुरावा पाहिजे?

संध्याकाळी चौकात बांगड्या विकणारी एक बाई मागच्या दाराने आली. "माझं नाव कुठं येऊ देऊ नका. आधी ताडपत्रीचा टेम्पो गेला. जीपवाला लई हळू आला मागून."

टेम्पो तर दोन्ही लेन्सच्या चित्रात कुठेच नव्हता. मी जीपचालकाला पुन्हा समोर बसवून उलटसुलट विचारले. त्याचे उत्तर बदलले नाही. पुढे कोणी वाहन होते का, विचारल्यावर म्हणाला, "हाव, टेम्पो होता. तुम्ही विचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या सायबर शाखेतून एक महिला उपनिरीक्षक आल्या. त्यांनी आधी पहाटेचे रेकॉर्डिंग लावले. रिकामा रस्ता, चित्र सुरळीत. मग बाजाराच्या वेळचे लावले, तर जागोजागी उड्या.

"सर, कॅमेऱ्यात बिघाड नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही लेन्स सगळ्यात मोठ्या चित्रावर ठेवल्यात आणि ठाण्यापर्यंत येणारी वायरलेस लाइन एकच. चौकात हालचाल वाढली की डेटा वाढतो. लाइनची बँडविड्थ पुरत नाही, मग मधल्या फ्रेम गळतात."

खात्रीसाठी त्यांनी एका लेन्सचे चित्र लहान केले. वर्दळ तशीच होती, तरी दुसऱ्या लेन्सचे चित्र सरळ चालू लागले.

"मग गळालेल्या फ्रेम गेल्या कायमच्या?"

"लाइनवर गळाल्या. कॅमेऱ्याच्या आत मेमरी कार्ड असेल, तर त्यावर असतील."

कार्ड होते. पंचांसमक्ष काढून पंचनामा केला. त्यात ताडपत्रीचा टेम्पो स्पष्ट होता, धडकही होती. मागून येऊन थांबलेली जीप होती, आणि धावत उतरून म्हातारीचे डोके मांडीवर घेणारा तो माणूसही होता. टेम्पो धर्माबादला एका गॅरेजमध्ये सापडला. चालकाने चित्रण पाहिले आणि कबुली दिली.

जीपचालकाला सोडताना म्हातारीची मुलगी ठाण्यात बसलेली होती. मारणाऱ्यांत तिचा भाऊ होता. ती उठून जीपचालकापुढे उभी राहिली.

"दादा, माय काई बोलली का?"

"बोलली न्हाई, ताई. हात धरला होता माझा. दवाखाना येईस्तोवर सोडला न्हाई."

तिने त्याचा सुजलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि मोठ्याने रडू लागली.

त्यानंतर नोकरीत कितीतरी चित्रणे पुढ्यात आली. प्रत्येक वेळी मी आधी विचारत आलो, यात काय राहून गेले आहे? मदतीला धावलेला माणूस त्या एका उडीमुळे तुरुंगात गेला असता.