नूरखालाची पहिल्या रातीची पिशवी

नव्या घरातल्या पहिल्या संध्याकाळी तुम्ही शेजारच्या दारावर थाप मारली होती, की आतून कडी लावून घेतली होती? खरं सांगा. मी कडीच लावणार होते. नूरखालानं लावू दिली नाही.

खाला नांदेडला आमच्या समोर राहायची. नवऱ्याच्या सरकारी बदल्यांपायी तिनं किनवट, धर्माबाद, शिरूर अनंतपाळ अशी बिऱ्हाडं हलवली होती. त्यामुळे गल्लीत कुणी घर सोडायला निघालं, की ही न बोलावता हजर. लोकांनी बांधलेली गाठोडी बिनदिक्कत सोडायची आणि ‘पयल्या रातीची पिशवी’ वेगळी भरायची. ती टेम्पोत टाकायची नाही, मांडीवर घ्यायची, असा तिचा दंडक. एका गुरुजींनी तो मोडला. त्यांची शेगडी आणि चादरी कपाटामागे अडकल्या आणि हाताला लागला तो लग्नाचा अल्बम. “फोटो बघून पोट भरलं म्हना गुरुजीचं!” हे ती गुरुजींच्या तोंडावरही सांगायची.

मला लातूरला नोकरी लागली, तेव्हा आई नि मी निघालो. वडील हयातभर चळवळीची पत्रकं वाटत फिरले. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. साहजिकच मी आधी पत्रकांचे गठ्ठे बांधले. खाला कमरेवर हात ठेवून उभी.

“काय करून राहिलीस? रातच्याला कागद खातीस का?”

“खाला, हा विचार आहे.”

“इचार उद्या बी टिकतो. पानी टिकत न्हाई. लातुरात नळ कवा येतो ते कुनाला ठावं? आधी पान्याचा कॅन भर.”

मग तिनं पिशवी भरली. जुने भाडेकरू दिवे काढून नेतात म्हणून एक बल्ब, स्वतःचं कुलूप, आईच्या गोळ्या, छोटी शेगडी, काडेपेटी, दोरी, साबण, एक पातेलं, दोन कप, चहा-साखर, दूध. वर ज्वारीच्या भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. “कुनाकडं काही मागायला नको,” मी म्हणाले. खालानं पिशवीत पुन्हा एकदा हात घातला नि मग गाठ मारली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मागायचं नाही, याला कारण होतं. आम्ही बौद्ध. लातुरात खोली शोधताना घरमालक नाव विचारायचे, मग आडनाव, आणि ते ऐकलं की खोली एकाएकी पाहुण्यांसाठी राखलेली निघायची. शेवटी मिळाली ती खोली अशा माणसाची, जो परगावी होता आणि ज्यानं काही विचारलं नाही. शेजाऱ्यांचा मात्र भरवसा नव्हता. त्यांच्या दारात अपमान झाला, तर आई दुसऱ्याच दिवशी नांदेडला परत जाऊ म्हणेल आणि माझी नोकरी जाईल, ही धास्ती होती.

लातूरच्या खोलीत बल्ब लागला. चहा उकळला. आणि गाळणीच सापडेना. मी खालाला फोन लावला.

“गाळणी राहिली, खाला.”

“राहिली न्हाई. म्याच काढून घेतली. जा, शेजारून आन.”

“मी कुणाच्या दारात जाणार नाही.”

“साखर मागितली का संपून जाती. गाळणी वापस द्यावी लागती. म्हंजी दोन चकरा. दोन चकरात मानूस कळतंय.”

“आणि तोंडावर दार लावलं तर?”

“मला काय कमी दारं लावली का गं? नाव नूरजहाँ सांगितलं की खोली भाड्यानं गेलेलीच ऱ्हायची. तरी प्रत्येक गावात गाळणी मागितली म्या. कुठं भेटली, कुठं न्हाई. तुज्या पत्रकात समदे बराबर हायती ना? मंग जा की बराबरीनं. आन् लवकर जा, चहा कडू हून राहिला.”

मी गेले. एका बाईंनी दार उघडलं. मी गाळणी मागितली. कुठून आलात, काय करता, आणि मग तो प्रश्न आलाच. मी आडनाव असं ठणकावून सांगितलं, जणू सभेत उभी आहे. त्या वळून आत गेल्या. झालं, म्हटलं. मी परत फिरले, तोच मागून आवाज आला.

“अवो, थांबा की! धुऊन देऊ न्हाई का? आमची एकच हाय, सकाळच्याला आणून द्या. आमच्या ह्यांना चहात पत्ती लागली की घर डोक्यावर घेत्यात.”

सकाळी गाळणी द्यायला आई गेली. आली ती नळाचा दिवस, स्वस्त भाजीवाला आणि त्या बाईंच्या सुनेची अख्खी कहाणी घेऊन. नांदेडचं नावही तिनं काढलं नाही.

आता खाला धर्माबादला लेकीकडं असते. फोनवर मी तिला विचारलं, की सगळी दारं उघडत नाहीत, त्याचं काय? ती म्हणाली, “ते भांडन तू लिव. पर दार वाजवायचं सोडू नको.” मी ते भांडण लिहिते आहे, आणि लिहीत राहीन.

तुम्ही एवढंच करा. तुमच्या गल्लीत सामानाचा टेम्पो उभा दिसला, की त्या माणसांना तुमचं दार वाजवायला लावू नका. कळशीभर पाणी घेऊन तुम्हीच जा. आणि नळ कधी येतो ते सांगा. आडनाव विचारू नका.