मापाड्याची गोष्ट

चौथ्या पानावर शहनाजनं पुस्तक काढून घ्यायला हात पुढं केला. मी वाचत राहिलो.

तिचं हे पहिलंच पुस्तक, अद्भुत कथांचं. काल लासूर स्टेशन गावी तिच्या घरी मी त्यातली एक कथा तिच्या अम्मींना वाचून दाखवत होतो. त्यांना वाचता येत नाही. कथेत वारलेला मापाडी धान्यबाजारात परत येतो आणि पायलीनं माणसांच्या सावल्या मापतो. तो मापाडी म्हणजे शहनाजचे अब्बा. अम्मी दुखावतील म्हणून तिनं ही कथा त्यांना कधी सांगितलीच नव्हती.

"एक, दोन, तीन," मी वाचलं.

"थांबा सर. हे खोटं हाय," अम्मी म्हणाल्या.

शहनाजचा चेहरा उतरला.

"पहिल्या मापाला ते एक कधीच म्हणले नाय. बरकत म्हणायचे, मग दोन. पोरीला इतकं बी ध्यानात नाय!"

"आणि सावल्यांचं, अम्मी?" शहनाजनं हळूच विचारलं.

"मापतील की. हात चोख होता त्यांचा. वाचा पुढं, सर."

मंडळी, अद्भुत कथेला याहून मोठी दाद तुम्ही ऐकलीय? शहनाजचं गद्य शांत आहे. त्यात सावली ज्वारीइतकी खरी वाटते.

आज सकाळी औरंगपुऱ्यातल्या पुस्तकाच्या दुकानात उभं राहून तिनं उरलेल्या सगळ्या प्रतींत पेनानं 'एक' खोडलं आणि वर 'बरकत' लिहिलं.