मेस्त्रींना न दाखवलेली गाडी

भालचंद्र चुरीने मोटारसायकल घेतली तेव्हा निर्मळला अख्ख्या आळीत पेढे वाटले, वालीवच्या गाळ्यात कामगारांना जिलेबी दिली, आणि ज्या एका माणसाला ती दाखवायला जीव तुटत होता, नेमका तोच तेव्हा बहारीनला मुलाकडे जाऊन बसला होता.

तो माणूस म्हणजे माणिकपूरचे सॅन्टन लोपीस. त्यांना सगळे मेस्त्री म्हणत. सत्याहत्तर साली सतरा वर्षांचा भालचंद्र केळीची वाडी भावांवर सोपवून त्यांच्याकडे प्लेटिंगचं काम शिकायला गेला. नळ, दारांच्या मुठी, सायकलची हँडलं असं काहीही लोखंडी-पितळी आणून द्यावं आणि मेस्त्रींनी ते आरशासारखं करून परत द्यावं. मेस्त्रींची स्वतःची एक जुनी काळी मोटारसायकल होती. गोल जाड टाकी, स्प्रिंगांची सीट, आणि सायलेन्सर असा की त्यात बघून दाढी करावी. दर शनिवारी ती पुसायचं काम भालचंद्रकडे असे. चालवायला मात्र कधी मिळाली नाही.

"फडकं तुझं, हँडल माझं," मेस्त्री म्हणायचे.

त्र्याण्णव साली मेस्त्रींचा उजवा गुडघा गेला. किक मारता येईना. वर्षभर गाडी अंगणात ताडपत्रीखाली राहिली आणि मग विरारच्या एका माणसाने ती विकत नेली. त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत, असं त्यांची मुलगी सालोमी सांगायची.

पुढे भालचंद्रने वालीवला स्वतःचा गाळा टाकला, विनयाशी लग्न झालं, मुलगी भाविका कॉलेजात गेली. आणि २००४च्या फेब्रुवारीत एक दिवस रिक्षातून जाताना त्याला शोरूमच्या काचेआड ती दिसली. गाडी कोरी करकरीत, पण रूप थेट तीस वर्षांपूर्वीचं. तीच गोल टाकी, तोच गोल दिवा, मडगार्डला तोच बाक. त्याने रिक्षा तिथेच सोडली.

"लूक जुना, इंजिन नवं, सर," विक्रेता म्हणाला. "आणि किकची कटकट नाही. हे बटण दाबा."

भालचंद्रने बटण दाबलं. धडधड सुरू झाली. आवाज जरा पातळ वाटला, पण त्या दिवशी तो कानांचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

घरी विनयाने गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, भोवती एक पूर्ण फेरी मारून गाडी नीट न्याहाळली आणि विचारलं, "अहो, आणि मी कुठे बसू?"

खरंच की! सीट एकट्या माणसाची होती. मागे नुसतं मडगार्ड. शोरूमवाल्याने मागाहून एक गादी बसवून दिली, ती पापडाएवढी. विनया तिच्यावर बसून एकदाच आगाशीला माहेरी गेली आणि येताना एस.टी.ने आली.

तरीही पहिले दोन महिने भालचंद्र हवेत होता. गाडी कुठेही उभी केली की माणसं जमायची. एका निवृत्त रेल्वे गार्डने टाकीवरून असा हात फिरवला की जणू नातवाच्या डोक्यावरून. सकाळी वाड्यांमधल्या रस्त्याने, दोन्हीकडे केळी आणि चाफा, चाळीसच्या वेगात धडधडत जाताना त्याला आपण कुणीतरी वेगळेच आहोत असं वाटायचं. चाळीसच्या पुढे मात्र हँडल असं थरथरे की मनगटांना मुंग्या येत. नट सैल होत. डावा आरसा नालासोपाऱ्याला कुठेतरी पडला तो पडलाच. आणि ब्रेक दाबला की गाडी थोडा विचार करून मग थांबायची.

हे सगळं त्याने पोटात घातलं असतं. पण गणपतीच्या सुमारास सायलेन्सरवर तांबूस ठिपके दिसायला लागले. मग रिमवर. मग हँडलवर. शोरूमवाला म्हणाला, "समुद्राची हवा आहे साहेब, वॉरंटीत येत नाही." भालचंद्रचं नाकच कापलं गेलं. सत्तावीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या लोखंडाला चकाकी दिली, त्याची स्वतःची गाडी गंजलेली! गाळ्यातले कामगार तोंडावर काही बोलत नसत, पण त्याची पाठ वळली की हसत. सगळे भाग काढून पुन्हा प्लेटिंग करणं त्याला एका आठवड्याचं काम होतं. पण हात लावला म्हणजे आपण फसलो हे कबूल करणं आलं. ते त्याच्याने होईना.

आणि नेमके तेव्हाच मेस्त्री बहारीनहून परत आले.

भालचंद्र त्यांना भेटायला रिक्षाने गेला. दुसऱ्या वेळी गाडी नेली ती बेकरीच्या मागच्या गल्लीत उभी करून चालत गेला. तिसऱ्या वेळी त्या गल्लीत सालोमीने त्याला पकडलं. ती शाळेत शिकवून घरी येत होती.

"भालूदादा, ही तुझी?" तिने गाडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. "पप्पांना नाही दाखवलीस?"

"दाखवीन गं. जरा नीट करून."

त्याच संध्याकाळी मेस्त्रींचा फोन आला. "भाल्या, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर गाडी घेऊन ये. आणि फडकं मारू नको."

रविवारी अंगणात मेस्त्री काठी टेकत गाडीभोवती फिरले. बाहत्तर वर्षांचे, पण नजर तीच. बोटाच्या नखाने त्यांनी सायलेन्सर खरवडला. नख बघितलं.

"ह्याला क्रोम म्हणतोस? खाली निकेल किती आहे? पावडर फासल्यासारखं केलंय." मग काठीने टाकीवर टकटक केलं. "पत्रा पातळ. आवाज कसा आहे बघू."

भालचंद्रने बटण दाबलं.

"मिक्सर!" मेस्त्री म्हणाले. "चटणी वाटायला ठेवलीय सालोमीने."

भालचंद्रची मान खाली गेली.  पण मेस्त्री त्या बटणाकडे बघत होते.

"किक न मारता सुरू झाली?"

"हो मेस्त्री."

"दर वेळी होते?"

"बहुतेक वेळा."

मेस्त्रींनी काठी त्याच्या हातात दिली. डावा पाय जमिनीवर रोवून, दुखरा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे टाकला आणि बसले. "चर्चला एक वळसा मारून आलो," असं म्हणाले, आणि भालचंद्रच्या तोंडून शब्द फुटायच्या आत फाटकाबाहेर गेलेसुद्धा.

सालोमी स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे, तू दिलीस? पप्पांचं लायसन्स संपून नऊ वर्षं झाली!"

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, अर्धा तास झाला. मेस्त्रींचा पत्ता नाही. भालचंद्रला त्या विचारी ब्रेकची आठवण झाली. सालोमीने स्कूटर काढली, तो मागे बसला. दोघं चर्चला गेले, रिक्षा स्टँडवर विचारलं, स्टेशनपर्यंत जाऊन आले. एक रिक्षावाला म्हणाला, "काळी गाडी, म्हातारा, मोठ्याने गात होता? तो तर निर्मळच्या बाजूला गेला." सालोमीने कपाळावर हात मारला. तेवढ्यात भालचंद्रचा मोबाईल वाजला. विनया होती.

"अहो, मेस्त्री आपल्याकडे आलेत. अर्धा तास झाला. तुम्हाला सांगू नको म्हणत होते. आता म्हणतायत की सांग."

निर्मळला पोचले तर मेस्त्री ओट्यावर बसून तिसरा चहा पीत होते. केस उभे, चेहरा लालबुंद, गुडघ्याला विनयाने गरम तेल लावून दिलेलं. गाडी अंगणात बंद.

"बटण दाबलं तर नुसतं टक् म्हणते," ते म्हणाले. "बॅटरी बसली. किक मला मारता येत नाही, नाहीतर गुपचूप परत नेऊन ठेवणार होतो."

"पप्पा, काही झालं असतं म्हणजे?"

"झालं ना. अकरा वर्षांनी गाडी चालवली." मग ते भालचंद्रकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "तुझ्या बायकोला विचारायला आलो होतो, की भाल्याने मला गाडी का नाही दाखवली. ती म्हणाली, लाज वाटते त्याला. लाज कसली रे? कंपनीने वाईट काम केलं त्याची लाज तुला कशाला? तुला नीट करता येतं आणि तू करत नाहीस, त्याची वाटू दे."

 भालचंद्र गाडीजवळ गेला, किक मारली. दुसऱ्या फटक्याला ती सुरू झाली. त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून तो थोडा वेळ पाठमोराच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मेस्त्री रिक्षाने वालीवच्या गाळ्यात हजर. एकेक भाग काढला. जुना मुलामा उतरवला, पॉलिश केलं, तांबं चढवलं, मग निकेल, आणि निकेलच्या टाकीतून रिम बाहेर काढायला भालचंद्र निघाला की मेस्त्री खुर्चीवरून ओरडायचे, "घाई कसली? राहू दे अजून." शेवटी वरून क्रोम. नऊ दिवस लागले. त्याच नऊ दिवसांत माणिकपूरच्या एका सीटवाल्याकडून विनयासाठी रुंद, मऊ, टेकायला दांडी असलेली सीट शिवून घेतली. गाडीचं मूळ रूप त्यामुळे बिघडलं, मेस्त्रींनी नाक मुरडलं, पण विनया दोन्हीकडे पाय टाकून ऐसपैस बसली आणि कार्तिकात निर्मळच्या जत्रेत जाऊन बांगड्या घेऊन आली. थरथर मात्र काही केल्या गेली नाही. ती आता विनयाच्याही अंगवळणी पडली.

मेस्त्रींनी लायसन्स पुन्हा काढायचं ठरवलं आणि सालोमीने त्याचे कागद लपवून ठेवले. तडजोड अशी झाली की भालचंद्रने मागे बसायचं आणि मेस्त्रींनी फक्त वाडीच्या आतल्या कच्च्या रस्त्यावर चालवायची. केळीची पानं चुकवत ते दोन फेऱ्या मारत, आणि भालचंद्र मागून त्यांची कंबर घट्ट धरून बसे.

दिवाळीनंतर गाळ्यासमोर तशीच दुसरी गाडी येऊन थांबली. एक दाताचे डॉक्टर होते. त्यांच्या सायलेन्सरवरही तांबूस ठिपके. मग पापडीचे एक प्रोफेसर आले, मग एडवर्ड नावाचा बेकरीवाला. पुढल्या तीन वर्षांत वसईपासून बोरिवलीपर्यंतच्या कितीतरी गाड्या वालीवला चकाकी घ्यायला येऊन गेल्या. आठवड्यातून तीन दिवस मेस्त्री खुर्ची टाकून दारात बसत आणि आलेल्या प्रत्येकाच्या गाडीला आधी मनसोक्त नावं ठेवून मगच ती आत घेत. डॉक्टरांनी एकदा वैतागून विचारलं, "एवढी वाईट आहे, तर मी घेतली कशाला?"

मेस्त्री म्हणाले, "दिसते छान. उतरा खाली, चाकांच्या गंजलेल्या तारा मोजू द्या."