मिस्तरींच्या घराला मिस्तरी

देऊळघाटात घर बांधायचं म्हटलं की लोक पंजाबराव मिस्तरींकडे जात. बत्तीस वर्षं हेच चाललं. आता त्यांचे गुडघे गेले, काम सुटलं, आणि नेमकं त्यांचंच घर खचायला लागलं. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला!

उन्हाळ्यात मागची भिंत इतकी फाटली की भेगेत तळहात जाई. तिच्याखालीच सिंधूताईंची खाट. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेलेली. दुसरी खोली म्हणजे चूल आणि उभं राहण्यापुरती जागा. अंगणात कायमचं ठेवावं तर ऊन-पाऊस. मिस्तरी दिवसभर बायकोजवळ बसून त्या भिंतीकडे पाहत. मी शेजारचा, शाळेतला मास्तर; मला ते बघवत नसे.

जाणकार माणूस शोधणं एवढं जड जाईल असं वाटलं नव्हतं. अडचण ही, की ज्याला ज्याला काम येत होतं त्याला ते मिस्तरींनीच शिकवलेलं. पहिला आला, पाया पडला, चहा प्याला, भेग सिमेंटनं बुजवली आणि पैसे न घेता गेला. पंधरा दिवसांत भेग पुन्हा उघडली. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरा चेला गोविंदा तर आता बुलढाण्यात तीन मजली इमारती बांधणारा ठेकेदार. तो भिंतीला हात लावून म्हणाला, "मिस्तरी, तुमच्या कामात मी काय चूक काढू? मातीच तशी हाय."

अरे, माती आजोबांच्या काळापासून तशीच आहे! मी चिडलो. मिस्तरी नुसती मान हलवत राहिले.

शेवटी मीच रेणुका नावाची इंजिनिअर आणली. तिला गुरू-चेला काही ठाऊक नव्हतं. तिनं भिंतीलगत खड्डा खणायला लावला आणि आत टेप सोडली. पाया तीन फूट. काळी माती सात फुटांपर्यंत, मग घट्ट मुरूम.

"ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. घर तिच्याबरोबर वरखाली होतंय. भिंतीखाली थोडं थोडं खणत मुरुमापर्यंत काँक्रीट भरावं लागेल. एकदम खणलं तर भिंत कोसळेल. इकडे हे काम नीट करणारा एकच आहे," ती म्हणाली आणि नाव सांगितलं. गोविंदाचं!

त्याला पुन्हा बोलावलं. मजूर घेऊन आला, पण खड्ड्याच्या काठाशी मान खाली घालून उभा राहिला.

"मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं, मिस्तरी. पन तुमच्या तोंडावर कसं सांगू? या पोरांसमोर तुमचा पाया कसा खोदू? सारं गाव हासंल."

"माही बायको दबून मेली त चालंल काय बे तुले?" मिस्तरींचा आवाज फाटला. मग ते मजुरांकडे वळले. "ऐका रे. मुरूम लागला नव्हता, हे मले तवाच माहीत होतं. पावसाळ्याच्या आत काम उरकाचं होतं. पाया म्या उथळ ठेवला."

कुणी हसलं नाही. गोविंदानं डोळे पुसले आणि गाडीतले टेकू आणून भिंतीला लावायला सांगितले. खाट तेवढ्यापुरती अंगणात ताडपत्रीखाली आणली. मला एकदम हायसं वाटलं. "बरं केलंत, मिस्तरी," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघेनात.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमचं घरबी म्या या घरासंगच, त्याच उन्हाळ्यात बांधलं. तेवढंच खोल."

मी वळून माझ्या घराकडे पाहिलं. भिंतीपलीकडे माझी आई दुपारची झोपली होती.